हलक्या हातांखाली गेलेला उन्हाळा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी वाद घालायला नको. त्या माणसाने मला दुखवलं नाही. मान मोडली नाही, हाड सरकवलं नाही, कसली गोळी दिली नाही. पिकलेलं सीताफळ धरावं तसं तो माझं डोकं दोन्ही हातांत धरून बसायचा. आणि तो तसा बसलेला असताना माझ्या डाव्या डोळ्याची नस आत सुजून मरत होती.

मी शोभा. परभणीजवळच्या पूर्णेत राहते, शेजारच्या चुडावा गावच्या शाळेत शिकवते. नवरा मिलिंद रेल्वेच्या सिग्नल खात्यात. एकच मुलगी, प्रेरणा, कॉलेजात आहे. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्यासारखं डोकं घेऊन कुणीतरी आज कुठल्यातरी गादीवर डोळे मिटून पडलं असेल, त्याच्या हाती हे लागावं एवढ्यासाठी लिहिते. गोड लिहिणं मला जमणार नाही.

सुरुवात

उन्हं तापायला लागली होती तेव्हा डोकं दुखायला लागलं. आधी मी ऊन म्हटलं, मग जागरण, मग पेपर तपासणी. पण हे दुखणं सकाळी उठता उठताच असायचं, आणि आडवं पडलं की वाढायचं. मग उजव्या कानात आवाज सुरू झाला. सूं सूं, नाडीच्या ठेक्यावर, जणू आत कुणी सारखं हापसत होतं. वाकून चपलेचा पट्टा लावला आणि उभी राहिले की दोन-चार क्षण सगळं काळं व्हायचं. वर्गात एकदा फळ्याला धरून उभी राहिले. पोरांना वाटलं, मॅडम काहीतरी आठवायल्यात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "डोळे तपासून घ्या एकदा. नंबर वाढला असेल."

मी जाणार होते. खरंच जाणार होते. त्या रविवारी परभणीहून अक्का आल्या.

अक्का

अक्का म्हणजे मिलिंदची थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर त्यांना झोप यायची बंद झाली होती. भिंतीकडं बघत बसायच्या. अशात त्यांना कुणीतरी एका सरांकडे नेलं. सर पुण्याचे, आठवड्यातून एकदा परभणीला यायचे आणि क्रेनियल ऑस्टिओपॅथी नावाचा उपचार करायचे. अक्का त्याला डोक्याची थेरपी म्हणायच्या. त्या हातांखाली अक्कांना झोप लागली. ही गोष्ट खरी आहे, मी नाकारत नाही. शोकात बसलेल्या बाईच्या डोक्यावर कुणीतरी तासभर शांतपणे हात ठेवला तर तिला झोप लागेलच. पण अक्कांच्या लेखी त्या दिवसापासून सर म्हणतील ते खरं झालं. आपल्या घरातली पुढची खोली त्यांनी सरांना वापरायला दिली.

"गोळ्या खाऊन खाऊन पोट जाळून घेशील," अक्का मला म्हणाल्या. "ह्यात टोचणं न्हाई, कापणं न्हाई. नुसता हात ठेवतात. लय हलका हात हाय त्यांचा."

"डोळे दाखवायचेत आधी," मी म्हटलं.

"दाखव की मग. डोळे कुठं पळून जायलेत?"

मिलिंद म्हणाला, "एकदा जाऊन तर बघू. नुकसान तर काई न्हाई ना त्यात."

नुकसान काही नाही. हे वाक्य मी नंतर किती जणांच्या तोंडून ऐकलं! आजही कुणी ते उच्चारलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

मला बरं वाटलं होतं

खोलीत पांढरी चादर घातलेली गादी, एका कोपऱ्यात कापूर-लवंगेचा वास. सर साधे, गोरे, बारीक आवाजाचे. माझ्या उशाशी बसून त्यांनी डोक्याखाली तळवे सरकवले आणि सांगितलं, "कवटीची हाडं घट्ट नसतात, शोभाताई. ती श्वास घेतात. आत जे पाणी आहे त्याला स्वतःची लय असते. तुमची लय अडकली आहे. मी काही करत नाही, फक्त ऐकतो."

आणि मला बरं वाटलं. हेच लोकांना सांगताना जीभ अडते, पण सांगते. शाळा, स्वयंपाक, सासरचं-माहेरचं, यांत माझ्या डोक्याला हात लावून "किती दमलाय तुम्ही" असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी त्या गादीवर घोरले. उठले तेव्हा डोकं खरंच हलकं वाटत होतं. पूर्णेला परत येईपर्यंत पुन्हा दुखायला लागलं होतं, पण मनाने त्याची दखल घेतली नाही.

मी पुन्हा गेले. मग पुन्हा. सुट्ट्या लागल्या होत्या, गाडी सोयीची होती, अक्कांच्या हातचं जेवण होतं.

कानातल्या आवाजाचं मी त्यांना दुसऱ्याच खेपेला सांगितलं. ते हसले. अगदी प्रेमाने हसले.

"तीच तुमची लय. तुम्हाला आता ऐकू यायला लागली. फार थोड्यांना येते."

मला अभिमान वाटला त्याचा. ज्या आवाजाने एखादा डॉक्टर खुर्चीतून उठला असता, त्या आवाजाचं त्यांनी मला कौतुक वाटायला लावलं. त्यांचं बाकी सगळं बोलणं मी कधीतरी मूर्खपणा म्हणून सोडून देईन. हे एक वाक्य मी सोडणार नाही.

अंधारी येण्याचं सांगितलं तर म्हणाले, "जुना ताण बाहेर पडताना असं होतं."

"डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू का?"

"जरूर दाखवा. पण आता शरीर कामाला लागलंय. मध्येच औषधांचा मारा झाला की ते गोंधळतं. थोडं थांबा."

जरूर दाखवा आणि थोडं थांबा. दोन्ही एका दमात. नंतर कुणी विचारलं तर त्यांना म्हणता येतं, मी कधी नको म्हटलं होतं?

डोळ्यापुढची भिंत

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होते. उजव्या डोळ्यात घामाचा थेंब गेला म्हणून पदराने तो डोळा पुसला. तेवढ्या वेळात डाव्या डोळ्याने समोर बघितलं तर प्रेरणाचं डोकं आणि खांदे होते, त्याखाली काही नव्हतं. करडं, धुरकट. कैऱ्या नाहीत, सुरी नाही, माझे हात नाहीत.

"प्रेरणा, तू कुठं उभी हायस?"

"इथंच की मम्मी. तुझ्यासमोर."

"तुझा ड्रेस कोणता हाय?"

तिने आधी हसून बघितलं, मग तिचं हसू गेलं. माझा हात धरून तिने सुरी काढून घेतली. मिलिंद ड्युटीवर होता. प्रेरणाने त्याला फोन केला नाही, अक्कांना केला नाही, कुणाला विचारलं नाही. घराला कुलूप घातलं आणि मला नांदेडच्या गाडीत बसवलं. गाडीत मी एकदा म्हटलं, "सरांना तरी फोन कर." ती इतक्या रागाने माझ्याकडे वळली की मी पुढं बोलले नाही. माझ्या पोटच्या पोरीची मला त्या दिवशी भीती वाटली, आणि आधारही तिचाच वाटला.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. डोळ्यात थेंब घालून वाट बघायला लावली, मग दिवा धरून आत बघायला लागली. सुरुवातीला गप्पा मारत होती, कुठल्या शाळेत, कोणता विषय. बघता बघता गप्प झाली. दुसरा डोळा बघितला. पुन्हा पहिला.

"सोबत कोण आलंय?"

"मुलगी."

"आणखी कुणी मोठं माणूस?"

मला तिथंच कळलं. आजाराचं नाव कळायला आणखी तपासण्या लागल्या, पण भीती त्या प्रश्नासोबतच आत आली. आणि मनात काय आलं तर घरी कैऱ्या उघड्या राहिल्यात.

मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. त्यामुळे आतलं पाणी निघत नव्हतं, डोक्यात दाब चढत होता आणि डोळ्यांच्या नसा त्या दाबाखाली सुजल्या होत्या. पाळीसाठी मी घेत होते त्या गोळ्यांमुळे गुठळी झाली असावी, असं मोठे डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्या डोक्यातलं पाणी अडलेलं होतं हे सरांनी बरोबर सांगितलं होतं की! बोटांना लय ऐकू येते म्हणणाऱ्या त्या माणसाच्या तळहातांवर माझं डोकं फुटायच्या बेतात होतं, आणि त्याला काही ऐकू आलं नाही.

वॉर्ड

पाठीतून सुई घालून पाणी काढलं. डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, "बघ, किती जोरात येतंय." थोड्या वेळाने कानातला आवाज थांबला. एकदम. पंखा ऐकू आला, बाहेरची ट्रॉली ऐकू आली. मी रडायला लागले. तीच लय ना ती, जिचा मला अभिमान होता.

पोटात इंजेक्शनं सुरू झाली. पोट निळं-हिरवं पडलं. दाब उतरवायच्या गोळीने बोटांना मुंग्या यायच्या आणि चहा लोखंडासारखा लागायचा. सकाळी रक्त न्यायचे, मग राऊंड, मग डोळ्यांसमोर बोटं नाचवायची, किती दिसतात सांगा. दिसत नव्हती त्यांचं उत्तर देताना मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं.

एक नर्स होती, परळीकडची. तिचा हात जड होता, सुई घुसवायची तेव्हा मी कळवळायचे. पण दरवेळी आधी सांगायची, "मॅडम, आता दुखणार हाय." आणि दुखायचं. तिच्यावर माझा जीव जडला. वॉर्डात दुसरं सुख म्हणजे प्रेरणाचं पेपर वाचणं. राशिभविष्य आलं की ती ते गाळायची आणि थेट पावसाच्या बातमीवर जायची.

मी डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं, "आधी आले असते तर?"

ते चष्मा पुसत राहिले. "त्या उपचाराने तुमचं काही बिघडवलं नाही. तुमचा वेळ घेतला. लवकर आला असता तर बरीचशी नजर वाचली असती, असं मला वाटतं. आता गेलेली बहुधा परत येणार नाही. उरलेली राखू या."

उजवा डोळा राहिला. डाव्याचा खालचा भाग कायमचा गेला.

हात लावू नका

अक्का वॉर्डात आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते त्यांचे. माझ्याजवळ बसल्या. मग हळूच हात उचलला आणि माझ्या डोक्यामागे सरकवला. सरांसारखाच, तळवा वर करून.

"अक्का, हात लावू नका."

"सरांनी सांगितलंय, थोडं धरलं तर..."

"हात काढा म्हणलं ना!"

शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. मिलिंद पुढं आला. "अक्का, तू भायेर बस जरा."

"मी काय हिचं वाईट चिंतलं का रे? मला गुण आला म्हणून सांगितलं. सर म्हणायलेत, मध्येच सोडल्यानं असं झालं."

"भायेर बस!"

आईच्या जागी असलेल्या बहिणीवर मिलिंद कधी ओरडला नव्हता. अक्का गेल्या. त्या गेल्यावर तो माझ्यावर वळला. "तू तर शिकलेली ना? तुला कळालं न्हाई?"

"तुमीच म्हणलात, नुकसान काई न्हाई."

त्यानंतर आम्ही त्या वॉर्डात बरेच दिवस फक्त औषधं, डबा आणि गाड्यांच्या वेळा एवढंच बोललो. तो रोज यायचा, माझी वेणी घालायचा, ओबडधोबड, आणि माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही. माझ्या अर्ध्या नजरेला.

शिकलेली असून कशी फसले, हा प्रश्न मला नंतर शाळेत, गल्लीत, विहारात, सगळीकडे भेटला. विचारणाऱ्यांचाही मला राग येतो. आमच्या वडिलांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं, कुणी म्हणतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. अंगारे-धुपारे करणारा देवऋषी दाराशी आला असता तर मी झाडूने हाकलला असता. हा देवऋषी नव्हता. हा हसतमुख होता, इंग्रजी शब्द वापरायचा, भिंतीवर कवटीचं चित्र लावायचा. आणि तो माझ्याशी हळू बोलायचा. दुखणाऱ्या माणसाला हळू बोलणारा कोणीही चालतो.

ती खोली

घरी आल्यावर काही आठवड्यांनी मी एकटी परभणीला गेले. मिलिंदला सांगून गेले, त्याने अडवलं नाही. मला सरांना समोरासमोर विचारायचं होतं. काय विचारायचं ते रस्ताभर जुळवत होते.

अक्कांच्या घराचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत गादीवर एक तान्हं बाळ होतं, शेजारी त्याची आई, विशी-बाविशीची, येलदरीकडची. सर बाळाचं डोकं हातात धरून डोळे मिटून बसले होते. अक्का दाराशी स्टुलावर.

मी बाळाकडे बघितलं आणि जुळवलेलं सगळं विसरले. डोकं अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं होतं. कपाळावरच्या शिरा तटतटल्या होत्या. बुबुळं खाली झुकलेली, वरचं पांढरं दिसत होतं. टाळू खोल नव्हती, फुगून वर आली होती.

"उलट्या व्हायल्यात का ह्याला?" मी आईला विचारलं.

"व्हायल्यात की. दूध टिकंना गेलंय. रडून रडून बेजार करतंय. इथं आलं की गप ऱ्हातंय बगा."

सरांनी डोळे उघडले. "शोभाताई, बाहेर थांबा. बाळाचा दाब मोकळा होतोय."

"किती दाब हाय त्याच्या डोक्यात?"

"हे आकड्यात नसतं."

"माझ्या डोक्यात किती होता? तुमच्या हातात होतं की माझं डोकं. सांगा ना!"

"तुम्ही रागात आहात," ते म्हणाले. तोच आवाज, मऊ, सायीसारखा. "तुम्ही उपचार अर्धवट सोडला, त्याचा..."

"माझा डोळा गेला!" मी ओरडले. गल्लीतून कुणीतरी डोकावलं. "ह्या लेकराचा जीव जाईल. हात काढा त्याच्यावरून."

"शोभा, तमाशा करू नको. भायेर हो," अक्का उठून म्हणाल्या.

मी त्या आईपुढे खाली बसले. तिला म्हटलं, "बाई, मी डॉक्टर न्हाई. मास्तरीण हाय. माझ्या डोक्यात पाणी तुंबलं होतं, हे असंच धरून बसले आणि माझी नजर गेली. तुझ्या लेकराची टाळू बघ. हात लावून बघ. आत्ता सरकारी दवाखान्यात चल. तिथं काई न्हाई निघालं, तर येऊन माझ्या तोंडात मार."

तिने टाळूला बोट लावलं. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बाळ उचललं. सरांच्या हातांतून तिने ते ओढूनच घेतलं म्हणा. बाहेर तिचा नवरा मोटरसायकलवर बसला होता, तो काय झालं काय झालं म्हणत आमच्या मागे आला. ऑटोत ती माझ्यापासून अंग चोरून बसली. माझा तिला धाक वाटत असावा. वाटू दे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोक्याला टेप लावला, टाळूवर हात ठेवला आणि लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायची गाडी सांगितली. बाळाच्या डोक्यातून पोटात नळी घालून पाणी वळवलं. वाचलं. डोळ्यांचं अजून सांगता येत नाही म्हणे.

सरांना त्याचं काय झालं? काही नाही. परभणीतच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी त्यांची गादी पडली असेल. मी तक्रार दिली आहे. तिच्यावर बोळवणीची उत्तरं येतात, मी पुन्हा देते.

तुम्हाला सांगायचं ते इतकंच. सकाळी उठताना डोकं फुटत असेल, वाकल्यावर अंधारी येत असेल, कानात नाडी वाजत असेल, तर कुणाच्याही हातांखाली पडू नका. आधी डोळ्याच्या डॉक्टरला आत बघू द्या. त्यानंतर कुणाकडून डोकं चेपून घ्यायचं ते घ्या, मी आड येणार नाही.

अक्का आल्या

थंडी पडल्यावर एका सकाळी अक्का पूर्णेला आल्या. मिलिंद ड्युटीवर होता. उंबऱ्यातच बसल्या, आत येईनात. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं.

"ती पोरगी आलती घरी," त्या म्हणाल्या. "लेकराला घेऊन. मला म्हणली, 'मावशी, तुमाला म्हाईत होतं का?'"

"मग?"

"काय सांगणार? मला तर झोप लागायची त्यांच्या हातानं. तेवढंच म्हाईत होतं."

धीर द्यावा असं एक वाक्य ओठांवर येत होतं, ते गिळलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल माया उरली होती का, ते मी चाचपून बघितलं, आणि नीट सांगता आलं नाही.

"आता लागती का झोप?" एवढंच विचारलं.

"न्हाई," अक्का म्हणाल्या.

परतीच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेले. स्टेशनवरचा पूल चढून झाला आणि उतरताना पहिली पायरी मला दिसली नाही. पाय अधांतरी पडला. अक्कांनी माझं मनगट धरलं, इतकं करकचून की बांगडी हातात रुतली. मी ओरडले, "दुखायलंय अक्का!"

"दुखू दे," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी हात सैल केला नाही.